धंद्यातले निर्णय आपण घेतो की आपल्या घरादाराचे संस्कार घेतात? (दुसरा गाळा घ्यायचाय, घरात वाद चालू आहे)

पॅनेलवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी आणि माझा कॉलेजचा मित्र, आम्ही दीड वर्षापूर्वी कंट्रोल पॅनेलचं (मशीन चालवायच्या स्विच-वायरिंगच्या पेट्या) काम सुरू केलं. मरोळ एमआयडीसीत भाड्याचा छोटा गाळा, चार वायरमन, ड्रॉइंगला एक मुलगी, बाकी सगळी धावपळ आमची. त्याआधी अकरा वर्षं नोकरी केली, त्यामुळे पॅनेल कसं बनवायचं ते माहीत होतं, धंदा कसा करायचा ते अजून शिकतोय.

आता गंमत बघा. आमचे मोठे कस्टमर तीन. एक जपानी कंपनीचं इथलं ऑफिस. चार जण आले, चहा घेतला आणि अख्खा दिवस प्रश्न विचारत बसले, क्रिम्पिंग कसं तपासता, टॉर्क रेंचचं कॅलिब्रेशन कधी झालं, हा वायरमन सोडून गेला तर काय करणार. पाच महिने ऑर्डर नाही. आम्ही नाद सोडला तेव्हा पीओ (लेखी ऑर्डर) आली, आणि तेव्हापासून पेमेंट एक दिवस इकडेतिकडे नाही. दुसरा अमेरिकन. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल, लगेच दोन पॅनेलची ट्रायल ऑर्डर, आणि तीन महिन्यांनी चार ओळींची मेल की ते प्रॉडक्टच बंद केलंय, थँक्यू. तिसरे भिवंडीचे शेठ. त्यांनी ड्रॉइंगकडे बघितलंसुद्धा नाही. गाव कुठलं, पार्टनर कोणाचा कोण, आधी माल कुणाला दिला एवढंच विचारलं, माझ्यासमोर दोन फोन लावले आणि तिथल्या तिथे अ‍ॅडव्हान्स.

आणि चौथी तऱ्हा आमची स्वतःची. बाजूचा गाळा रिकामा झालाय. घेतला तर टेस्टिंगला जागा होते. पार्टनर मुलुंडचा कच्छी, त्याने रात्री जेवताना घरी विषय काढला आणि आमटी संपायच्या आत होकार. माझ्याकडे तीन आठवडे झाले, बाबा (रेल्वेतून रिटायर) रोज सकाळी पेपर खाली ठेवून एकच विचारतात, "आणि नाही चाललं तर?"

मामेभाऊ एमबीए करतोय, तो म्हणतो हे नॅशनल कल्चर आहे, यावर अभ्यास झालेत. खरंच असं काही असतं का? आणि असलं तर नवीन धंदा टिकण्या-बुडण्यावर त्याचा फरक पडतो का, की नुसत्या गप्पा?

चर्चगेट_स्लो

मी मॅनेजमेंट शिकवतो त्यामुळे थोडं पुस्तकी बोलणार, आधीच सांगतो.

अभ्यास झालेत, आणि ढिगाने. बहुतेकांचं मूळ एकाच माणसाकडे जातं, हॉफस्टेड नावाचा डच संशोधक. तो आयबीएममध्ये होता. १९६७ ते १९७३ च्या दरम्यान कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, त्यावरून त्याने १९८० साली पुस्तक लिहिलं आणि देशांना चक्क मार्क दिले. त्यातलं एक माप म्हणजे पुढचं काही नक्की नसलं की माणसं किती अस्वस्थ होतात. जपान ९२, जर्मनी ६५, भारत ४०, सिंगापूर ८. दुसरं माप व्यक्ती मोठी की गोतावळा मोठा, जास्त मार्क म्हणजे व्यक्ती मोठी, त्यात अमेरिका ९१ आणि आपण ४८. आता तुमचे तीन कस्टमर बघा, जपान्यांचे प्रश्न, अमेरिकनाची झटपट सोयरीक आणि झटपट काडीमोड, शेठजींचे दोन फोन, सगळं तक्त्यात बसतं. वर्गात हे सांगितलं की पोरं खूश होतात.

पण मग तुमचे बाबा कुठे बसतात? भारताचे ४०, म्हणजे आपण धोक्याला फार न बिचकणारे लोक. पार्टनरचं घर पण त्याच ४० मधलं आणि तुमचं पण. सिंगापूरला ८, आणि तिथलीच माणसं स्वतःला 'कियासू' म्हणवून घेतात, म्हणजे मागे पडायची, हरायची धास्ती असलेला. देशाची सरासरी ही सरासरीच असते, विरार फास्टमधल्या गर्दीची सरासरी उंची काढून कुणाला शर्ट शिवता येत नाही. मॅकस्वीनी नावाच्या अभ्यासकाने २००२ साली हेच धरून हॉफस्टेडला झोडपलं, की एका कंपनीच्या नोकरदारांवरून तुम्ही अख्ख्या देशाचा स्वभाव कसा काय ठरवता. त्या काळातला आयबीएमचा भारतातला कर्मचारी आणि लालबागचा मसालेवाला यांचं मन एकसारखं चालत असेल हे मलाही पटत नाही.

एक माप मात्र मी धंदेवाल्यांना आवर्जून सांगतो, वरच्याखालच्यातलं अंतर. भारत ७७, अमेरिका ४०. आकडा सोडून द्या, पण तुमच्या गाळ्यात वायरमनला ड्रॉइंगमधली चूक दिसली तर तो बोलतो का? की साहेबांनी काढलंय म्हणून तसंच वायरिंग करून मोकळा होतो? धोका पत्करायची हिंमत वगैरेपेक्षा नव्या धंद्याचं नुकसान इथे जास्त होतं असं माझं मत आहे.

धंदा टिकण्याबद्दल विचारलंत. २०१० साली ब्रिंकमन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं की लेखी प्लॅन केल्याने छोट्या धंद्यांचं भलं होतं का. होतं. पण जुन्या धंद्यांचं जास्त, नव्यांचं कमी, आणि जिथली माणसं अनिश्चिततेला जास्त बिचकतात तिथे प्लॅनिंगचा फायदा कमी दिसला. मी याचा अर्थ असा लावतो की घाबरलेला माणूस प्लॅनला चिकटून बसतो, बाजार बदलला तरी सोडत नाही.

आणि सरस सरस्वती यांचं काम जरूर बघा, अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमनच्या विद्यार्थिनी. त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांसमोर एक काल्पनिक धंदा ठेवला आणि ते मोठ्याने विचार कसा करतात ते ऐकलं. ही माणसं फायदा किती होईल याने सुरुवातच करत नव्हती, हातात काय आहे, ओळखीचं कोण आहे आणि किती गेलं तरी चालेल, इथून सुरू करत होती. आपण याला अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणतो. आपल्याकडे तो उपदेश नोकरदार पोराला गप्प बसवायला वापरतात, खरं तर तो पक्का धंदेवाल्याचा हिशोब आहे.

भांडकुदळ_भांडुपकर

झालं का सुरू परत. कच्छी पाच मिनिटांत हो म्हणाला आणि मराठी बाप तीन आठवडे रडतोय, म्हणजे मराठी माणसाला धंदा जमत नाही, हेच ना शेवटी?

अहो आपल्याकडचीच म्हण आहे, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. नोकरी तळाला होती. ती वर कधी आली? रेल्वे आली, गिरण्या आल्या, सरकारी कचेऱ्या आल्या, महिन्याच्या महिन्याला पगार यायला लागला तेव्हा. आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या घराघरांत काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांनी पोरांना पक्की नोकरी शोध सांगितलं तर त्यात संस्कृती कुठे आली, पोळलेली माणसं आहेत ती.

उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर इथे मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवत होते. बढती दुसऱ्याला दिली म्हणून सोडून गेले, बेळगावात सायकलचं दुकान. पुढे लोखंडी नांगर काढला तर पहिला विकायला दोन वर्षं लागली, शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते. तेव्हा कुठला देशाचा मार्क आडवा आला त्यांना?

लोहार_चाळ_७८

भांडुपकर रागावू नका, पण तुमच्या गोष्टीतला अर्धा भाग राहिला. बेळगावातून जागा खाली करायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजांनी लक्ष्मणरावांना जमीन दिली, मदत केली, तिथे १९१० ला किर्लोस्करवाडी झाली. जिद्द त्यांची होतीच, पण पाठीशी कुणीतरी उभं राहिलं. मला या सगळ्यात तेवढंच महत्त्वाचं वाटतं.

मी लोहार चाळीत १९७८ पासून. आधी दुसऱ्याच्या दुकानात पोऱ्या, मग कौंटर, मग स्वतःचं इलेक्ट्रिकलचं दुकान, दुकान म्हणजे जिना चढताना डाव्या हाताला जेवढी जागा उरते तेवढं. माझ्या समोरच्या दुकानात एक कच्छी पोरगा होता, माझ्याच वयाचा, दोघांनी एकाच वर्षी स्वतःचं चालू केलं. तो माझ्यापेक्षा शूर नव्हता. पावसात लोकल बंद पडली तरी घाबरायचा. पण त्याला मामाकडून नव्वद दिवसांच्या उधारीवर वायर यायची, मला रोख. रोख घेतलं तर वटाव (सूट) मिळतो म्हणा, पण रोख असायला पाहिजे ना. तो नवीन माल ठेवून बघायचा, नाही खपला तर मामा परत घ्यायचा. मी जे ठेवलं ते माझ्या बोकांडी. मग लोक म्हणायचे बघा, त्यांच्या रक्तात धंदा आहे, नवं करून बघतात, आपला माणूस तेच तेच विकतो. अरे मला चुकायची परवानगी कुठे होती!

पुढे ९६-९७ च्या सुमारास दोघंही आपटलो, एकच कॉन्ट्रॅक्टर दोघांचे पैसे बुडवून गेला. त्याला दुसऱ्या दिवशी चुलत्याच्या पेढीवर बसायला जागा मिळाली, कुणी टोमणा मारला नाही, दोन वर्षांत परत स्वतःच्या दुकानात. मी बायकोच्या पाटल्या मोडल्या, आणि मेव्हण्याच्या लग्नात लोक माझ्याशी असे बोलत होते जसा मी आजारातून उठलोय. एक मावशी म्हणाली, तरी सांगत होतो बँकेची परीक्षा दे. मी तेव्हा पस्तिशीचा होतो.

तर पोरा, तुझ्या पार्टनरच्या घरी पाच मिनिटांत होकार आला कारण 'नाही चाललं तर' या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासून तयार आहे, कुणीतरी काका, कुणीतरी मामा. तुझ्या बाबांकडे ते उत्तर नाहीये, म्हणून ते रोज विचारतात. ते घाबरट नाहीत, हिशोबी आहेत. त्यांना प्रवचन देऊ नको, उत्तर दे. गाळा नाही चालला तर किती महिन्यांची नोटीस, डिपॉझिट किती परत येतं, पॅनेलचं सामान कुठे खपेल, आणि तुझं घर त्या काळात कशावर चालेल. चार आकडे कागदावर.

आणि मराठी माणूस उधारी द्यायला शिकला की अर्धे प्रश्न सुटतील. मी आता देतो. ओळखीच्या पोरांना साठ दिवस.

योकोहामा_रिटर्न

जपान्यांबद्दल थोडं सांगतो, सहा वर्षं तिकडे काढलीत. ते निर्णयाला घाबरतात असं लोकांना वाटतं. तसं नाही हो. तिकडे 'नेमावाशी' म्हणतात, मूळ शब्द बागकामातला, झाड हलवायच्या आधी मुळं हळूहळू मोकळी करायची. मीटिंगच्या आधी प्रत्येकाला एकेकटं गाठून तयार करायचं. मग कागद फिरतो, एकेक जण शिक्का मारतो, त्याला 'रिंगी' म्हणतात. पाच महिने तुमची फाइल अशीच फिरत होती, कुणी झोपलं नव्हतं. फायदा असा की एकदा शिक्के पडले की कुणी मागे फिरत नाही, म्हणून तुमचं पेमेंट वेळेवर. अमेरिकन एका माणसाच्या जोरावर हो म्हणतो आणि त्याच एका माणसाच्या जोरावर नाही.

याचा उपयोग करून घ्या. जपानी कस्टमरला 'करतो बघू' कधी सांगू नका, उशीर होणार असेल तर आठ दिवस आधी कळवा, कारणासकट. त्यांना उशिरापेक्षा अचानकपणाचा त्रास जास्त होतो.

लोहार चाळ काकांचा मुद्दा तिकडेही दिसतो बरं का. जपानमध्ये छोट्या कंपनीला कर्ज देताना बँका मालकाची वैयक्तिक हमी घेत आल्यात, धंदा बुडाला की घर पण जातं, मग माणूस ९२ मार्क मिळवेल नाहीतर काय करेल.

फराळवाली_ठाकुरद्वार

सगळे पुरुषच बोलताय म्हणून मी घुसते.

माझं फराळाचं काम आहे, चकली, अनारसे, भाजणी, दिवाळीत बाहेरदेशी पण जातं. आठ बायका आहेत. तुम्ही सगळे 'निर्णय घेतो, निर्णय घेतो' म्हणताय, मला पहिली चार वर्षं निर्णय घेताना कुणी बघितलंच नाही. वाशीच्या मार्केटला डाळीचा भाव केला तर दलाल म्हणणार, मिस्टरांशी बोलून फोन करा. मिस्टर बीएसटीत होते, त्यांना हरभरा डाळ आणि तूर डाळ ओळखू यायची नाही! बँकेत कर्जाला गेले तर हमीदार म्हणून नवऱ्याची सही, आणि साहेब सगळं त्यांच्याकडे बघून समजावणार. (कुठली बँक ते जाऊ दे, आता तिथला स्टाफ बदललाय.) तर देशाच्या संस्कृतीला एक आकडा देताना त्यात मी धरलेली असते का हो सर?

आमच्याच गिरगावात १९५९ ला सात बायकांनी गच्चीवर पापड लाटून लिज्जत सुरू केलं, ८० रुपये उसने घेऊन. त्यांनी काय प्लॅन केला असेल? घरात काय येतं करता, गच्ची आहे, ऊन आहे, ८० रुपये गेले तर फेडू. सर म्हणतात ती २७ जणांची पद्धत हीच की. आणि घरच्यांना विचारावं लागू नये एवढी छोटी रक्कम, हे पण त्यातलं शहाणपण आहे. मी पण तसंच केलं, आमच्या भिशीचे पैसे लागले तेव्हा पहिलं चकलीचं मशीन घेतलं, घरात सांगितलं मशीन आल्यावर.

लोहार चाळवाले काका, पाटल्या मोडल्या त्या बायकोच्या. तिला विचारलं होतंत का मोडायच्या आधी?

लोहार_चाळ_७८

नाही विचारलं. तिने आपण होऊन काढून दिल्या असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता आत जाऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "तोंड बघून दिल्या." पुढे काही बोलली नाही.

सीए_मुलुंड_पूर्व

तात्त्विक चर्चा चालू द्या, मी दोन कामाच्या गोष्टी टाकते. पॅनेलवाला, तुमची साधी भागीदारी फर्म आहे का? असेल तर फर्मचं देणं तुमच्या घरापर्यंत येऊ शकतं. बाबा "नाही चाललं तर" विचारतात ते कायद्याच्या भाषेत पण बरोबर विचारतात. २००८ च्या कायद्याने एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करता येते, त्यात जबाबदारी तुमच्या भांडवलापुरती राहते, अर्थात बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिलीत तर ती वेगळी. कर्ज घेणार असाल तर घर गहाण टाकायच्या आधी सीजीटीएमएसईबद्दल विचारा, तारणाशिवाय कर्जाला हमी देणारी ही योजना २००० सालापासून आहे आणि तरी निम्म्या लोकांना शाखेत कुणी सांगत नाही.

दुसरं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलीय ना? तुम्ही माल बनवता, म्हणजे लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत, करार नसला तर १५. आता २०२३-२४ पासून मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षी करात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच. भिवंडीच्या शेठना बिलावर उद्यम नंबर दिसू दे. ओळख कितीही असो.

चर्चगेट_स्लो

फराळवाली ताई, नाही, धरलेल्या नसता. प्रश्न एकदम बरोबर आहे, मी पुढच्या बॅचला तुमच्या नावाने विचारणार.

काकांच्या बोलण्यावर एक आठवलं. मॅक्लेलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादला नेऊन प्रशिक्षण दिलं, स्वतःपुढे ध्येय ठेवणं, झेपेल एवढा धोका घेणं वगैरे. नंतर बघितलं तर त्यांच्यातले बरेच जण जास्त हातपाय मारायला लागले होते, आणि जुन्या समजुती, जात, पेहराव यांचा त्यात अडथळा दिसला नाही. तेव्हा रक्तात वगैरे काही नसतं. पण माझी एक शंका नेहमीची, की शिबिरातून त्यांना जे मिळालं ते धैर्य होतं, की शिबिरात भेटलेली तीसचाळीस व्यापारी माणसं होती? तुमच्या पार्टनरला ती जन्मापासून मिळालीत, एवढंच.

भांडकुदळ_भांडुपकर

सर हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी भांडलोच नसतो.

पॅनेलवाला_डोंबिवली

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. शुक्रवारी लिहिणार होतो पण डिस्पॅच होता.

आधी सरांचा वायरमनचा मुद्दा. खरं सांगू, वाचून मला राग आला, आमच्याकडे तसलं काही नाही म्हणून. तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सहज विचारलं, माझ्या ड्रॉइंगमध्ये कधी चूक सापडलीय का. तिघं खाली बघायला लागले. चौथा, सगळ्यात नवीन, म्हणाला साहेब मार्चमधल्या त्या पॅनेलला कॉन्टॅक्टरचं इंटरलॉक (दोन स्विच एकदम चालू होऊ नयेत ती सोय) उलटं दाखवलं होतंत, आम्ही बरोबर करून टाकलं. म्हणजे चूक दुरुस्त केली आणि मला सांगितलं नाही! तीच ड्रॉइंग मी नंतर दोन ठिकाणी वापरलीय. दोन्हीकडे फोन करून बसलोय, एकाने चेक केलं, ठीक आहे, दुसऱ्याचा अजून उलट फोन नाही. आता ड्रॉइंगवर वायरमनच्या सहीचा रकाना टाकलाय, त्याने लाल पेनने खुणा केल्याशिवाय काम सुरू नाही. जपान्यांचा शिक्का म्हणा हवं तर.

गाळ्याचं. काकांनी सांगितलं तसे चार आकडे काढले. बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून अर्धा तास बघितलं आणि पाचवा आकडा विचारला जो आमच्या दोघांच्या डोक्यातच नव्हता, दोन गाळ्यांचं वीजबिल आणि वाढीव लोड. रेल्वेत चाळीस वर्षं इलेक्ट्रिकललाच होते, मी कधी त्यांना गाळा दाखवायला पण नेलं नव्हतं. ते धरून हिशोब केला तर पूर्ण गाळा जड जातोय, म्हणून मालकाशी बोललो, पुढची अर्धी बाजू अकरा महिन्यांच्या करारावर द्यायला तो तयार आहे. पार्टनर थोडा नाराज आहे, त्याच्या मते गिऱ्हाईक बघून आपण अर्धवट दिसतो. बघू.

सीए मॅडम, साधी भागीदारीच आहे. तुम्हाला मेसेज करतो.

काका, ओळखीच्या पोरांना साठ दिवस म्हणालात, ओळख व्हायला काय लागतं? बुधवारी एमसीबी घ्यायला येतोच आहे लोहार चाळीत, बाबा पण येतो म्हणालेत.

लोहार_चाळ_७८

बाबांना घेऊन ये. पहिली ऑर्डर रोखच, वटाव देईन. साठ दिवसांचं तिसऱ्या ऑर्डरला बोलू.